शोधप्रकल्पासाठी नमुना कसा निवडावा

खानदेशातील शेतकऱ्याला नमुना निवडीचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आखलेल्या तुकड्यातील पीक कापून, तोलून उत्पन्न काढण्याच्या पीक कापणी प्रयोगासाठी महसूल मंडळातील कोणती गावे निघाली, गावातले कोणते शेत निघाले आणि त्या शेतात आखलेला तुकडा काळ्या कसदार जमिनीचा होता की मुरमाड टेकाडाचा, यावर मंडळाचे सरासरी उत्पन्न ठरते आणि त्या सरासरीवर पीकविम्याची भरपाई अवलंबून असते, हे त्याला पक्के ठाऊक असते. म्हणूनच गाव, सर्व्हे नंबर आणि शेतातील तुकडा हे तिन्ही यादृच्छिक अंकांनी ठरवण्याचा नियम आहे. पाहणाऱ्याच्या पसंतीला तिथे जागा ठेवलेली नाही. ही पद्धत भारतात रुजवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यात जन्मलेले मराठी संख्याशास्त्रज्ञ होते. आखलेला तुकडा फार लहान असला की कडेवरची झाडे नकळत आत घेतली जातात आणि उत्पन्न प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते, हे त्यांनी दाखवून दिले. मोजणारा प्रामाणिक असूनही निवडीतील एवढीशी ढिलाई निष्कर्ष बदलून टाकते.

हीच दक्षता विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत मात्र क्वचित दिसते. पदवीच्या क्षेत्र प्रकल्पापासून एम. एड.च्या लघुशोधप्रबंधापर्यंत अनेक अहवाल मी तपासत आलो आहे, आणि त्यांत "या अभ्यासासाठी यादृच्छिक पद्धतीने १०० विद्यार्थ्यांची निवड करण्यात आली" हे वाक्य जवळपास ठरलेले असते. निवड नेमकी कशी केली असे विचारले, तर त्या दिवशी वर्गात जे हजर होते त्यांना प्रश्नावली दिली, असे उत्तर मिळते. यात विद्यार्थ्याचा फसवण्याचा हेतू नसतो. यादृच्छिक म्हणजे सहज, हाताला येईल तसे, असा त्याचा समज झालेला असतो. खरे पाहता यादृच्छिक निवडीइतकी शिस्त दुसऱ्या कोणत्याही निवडीत नाही. समूहातील प्रत्येक घटकाला निवडले जाण्याची काही तरी संधी असेल, ती संधी किती हे आधी सांगता येत असेल आणि प्रत्यक्ष निवड चिठ्ठीने किंवा अंकांनी झाली असेल, तरच हा शब्द वापरण्याचा अधिकार मिळतो.

शेवटचे वाक्य आधी लिहावे

पद्धतीचे नाव शोधण्याआधी अहवालाच्या शेवटी आपल्याला कोणते वाक्य लिहायचे आहे, ते कोऱ्या कागदावर लिहून काढावे. "अमळनेर तालुक्यातील जिल्हा परिषद शाळांमधील चौथीच्या मुलांपैकी इतके टक्के मुले साधा परिच्छेद वाचू शकतात" असे वाक्य लिहायचे असेल, तर त्या तालुक्यातील चौथीच्या प्रत्येक मुलाला नमुन्यात येण्याची संधी मिळाली पाहिजे. एका शहरी शाळेतील दोन तुकड्या घेऊन ते वाक्य लिहिता येणार नाही. "घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलांना प्रमाण मराठीतील शाब्दिक उदाहरणे सोडवताना कोणत्या अडचणी येतात" हे सांगायचे असेल, तर टक्केवारीचा प्रश्नच उद्भवत नाही. तिथे दहा-बारा मुलांजवळ बसून त्यांचे बोलणे नीट ऐकणे अधिक मोलाचे ठरते. "किती" आणि "किती जणांत" असे विचारणाऱ्या प्रश्नांना संभाव्यतेवर आधारलेला नमुना लागतो, तर "कसे" आणि "का" असे विचारणाऱ्या प्रश्नांना जाणीवपूर्वक निवडलेली माणसे लागतात. अर्ध्याहून अधिक गोंधळ एवढ्या एका भेदाने मिटतो.

ज्या संपूर्ण समूहाबद्दल वाक्य लिहायचे, त्याला शिक्षणशास्त्राची पुस्तके जनसंख्या म्हणतात आणि संख्याशास्त्राची पुस्तके समष्टी म्हणतात; त्यातून निवडलेल्या भागाला कुणी न्यादर्श म्हणतात, कुणी नमुना. शब्द कोणताही वापरावा, पण समष्टीची सीमा स्थळ, काळ आणि घटक या तिन्ही अंगांनी बांधून घ्यावी. या ठिकाणी शीर्षकाचा मोह आवरावा लागतो. खानदेश म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार मिळून २५ तालुके. त्यात रावेर-यावलचा केळीचा बागायती पट्टा आहे, पारोळ्याचे कोरडवाहू कापसाचे शिवार आहे आणि अक्राणी-अक्कलकुव्यातील सातपुड्याचे विखुरलेले पाडेही आहेत. एका गावातील दोन माध्यमिक शाळांची माहिती घेऊन "खानदेशातील माध्यमिक शिक्षकांचा अभ्यास" असे शीर्षक देणे म्हणजे उरलेल्या सर्वांच्या वतीने परस्पर बोलणे होय. शीर्षक लहान करायला काहीच खर्च येत नाही, आणि लहान शीर्षकाचा अभ्यास पुष्कळदा अधिक खोल होतो.

यादी हातात घेतल्याशिवाय पद्धत ठरवू नये

नमुना समष्टीतून निवडला जातो असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात तो यादीतून निवडला जातो. हजेरीपट, जनरल रजिस्टर, मतदार यादी, ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंदवही, सातबारा, दूध संस्थेच्या सभासदांची यादी, यांपैकी जे हाती येईल ती आपली नमुना चौकट. या यादीत जे नाहीत, ते कितीही कसोशीने चिठ्ठ्या टाकल्या तरी नमुन्यात येणार नाहीत. म्हणून यादी मिळाल्यावर पहिले काम असे करावे की यादीतून कोण सुटले, कोण दोनदा आले आणि कोण यादीत असूनही प्रत्यक्षात तिथे नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत.

केळी उत्पादकांच्या अभ्यासात सातबारा ही चौकट वापरली, तर बटाईने किंवा खंडाने शेती कसणारा माणूस सहसा सुटतो, बागेत रोज राबणारी पण उताऱ्यावर नाव नसलेली स्त्री सुटते, आणि ज्याच्या नावावर चार गट आहेत त्याला निवडले जाण्याची चौपट संधी मिळते. यावर उपाय म्हणजे एकाच खातेदाराची नावे एकत्र करून घ्यावीत आणि "जमीनधारक" व "शेती कसणारे" यांतील जो शब्द यादीला शोभतो तोच अहवालात वापरावा. मतदार यादीत १८ वर्षांखालील कुणी नसते, लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावे तशीच राहतात आणि नव्याने आलेल्या सुनांची नावे चढायला वेळ लागतो. तरुण स्त्रियांचा अभ्यास त्या यादीवरून करणे धोक्याचे आहे.

आपल्या भागातील सर्वांत गंभीर त्रुटी मात्र हजेरीपटाची आहे, आणि ती ऋतूप्रमाणे बदलते. नंदुरबार जिल्ह्यातील आणि साक्री-शिरपूरच्या डोंगराळ भागातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी आणि इतर मजुरीसाठी बाहेर पडतात, त्यांतील बरीच गुजरातेत जातात. मुलाचे नाव पटावर राहते, मूल मात्र आईबापांबरोबर फडावर असते. अशा वेळी जानेवारीत शाळेत जाऊन निवडलेली २० नावे वाचून दाखवली आणि जी ६ मुले आढळली नाहीत त्यांच्या जागी हजर असलेली ६ मुले घेतली, तर आकडा पूर्ण होतो, पण ज्यांच्या शिक्षणात खंड पडतो नेमकी तीच मुले अभ्यासातून पुसली जातात. असा अभ्यास जुलै-ऑगस्टमध्ये करावा. ते शक्य नसेल तर गैरहजर मुलांची संख्या आणि गैरहजेरीचे कारण शिक्षकांकडून समजून घेऊन स्वतंत्रपणे नोंदवावे. बदली नाव घेणे हा उपाय दिसायला सोपा आहे, पण मी माझ्या विद्यार्थ्यांना त्यापासून आग्रहाने परावृत्त करतो.

साधी आणि क्रमबद्ध निवड

यादी एकच असेल, फार लांब नसेल आणि निवडलेल्या प्रत्येकापर्यंत पोहोचणे शक्य असेल, तर साधी यादृच्छिक निवड पुरेशी आहे. नावांना क्रमांक द्यावेत, सारख्या आकाराच्या चिठ्ठ्या करून काढाव्यात, किंवा एक्सेलमध्ये प्रत्येक नावासमोर यादृच्छिक अंक घेऊन त्या अंकांप्रमाणे यादी लावावी आणि वरची हवी तेवढी नावे घ्यावीत. एक्सेलमधील हे अंक पत्रक पुन्हा उघडले की बदलतात, म्हणून ते लगेच केवळ किंमत म्हणून चिकटवून ठेवावेत आणि ती फाईल जपून ठेवावी.

यादी लांब असेल तर क्रमबद्ध पद्धत सोयीची पडते. ४८० नावांतून ६० हवी असतील तर अंतर ८ येते. १ ते ८ यांतून चिठ्ठीने एक अंक काढावा, तो ५ निघाला तर ५, १३, २१ असे करत ४७७ पर्यंत जावे. पहिला अंक चिठ्ठीने काढला नाही आणि सरळ पहिल्या नावापासून सुरुवात केली, तर ही पद्धत यादृच्छिक राहत नाही. यादी कशी लावलेली आहे याकडेही लक्ष द्यावे. हजेरीपटावर आधी मुलगे आणि नंतर मुली असतील, तर क्रमबद्ध निवडीत दोघांचे प्रमाण आपोआप सांभाळले जाते, हा फायदाच आहे. पण यादीत ठरावीक अंतराने येणारी लय असेल तर मोठे नुकसान होते. ज्या गावी शनिवारी आठवडे बाजार भरतो तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण नोंदींचा अभ्यास करताना दर सातवा दिवस घेतला, तर एक तर प्रत्येक वेळी बाजाराचाच दिवस येईल किंवा एकदाही येणार नाही. आसपासच्या खेड्यांतील माणसे बाजाराला आली की दवाखान्याचे कामही उरकतात, त्यामुळे दोन्ही प्रकारे चित्र चुकते. अशा ठिकाणी पाच किंवा सहा दिवसांचे अंतर घ्यावे, म्हणजे आठवड्याचे सर्व वार फिरून येतात.

स्तरांत विभागून निवड

समष्टीत एकमेकांपासून स्पष्ट वेगळे असे गट असतील आणि त्या वेगळेपणाचा आपल्या प्रश्नाशी संबंध असेल, तर आधी गट पाडून प्रत्येक गटातून स्वतंत्रपणे निवड करावी. शेतकऱ्यांच्या अभ्यासात धारणक्षेत्र हा स्वाभाविक आधार आहे आणि त्यासाठी नवे वर्ग बनवण्याची गरज नाही: १ हेक्टरपर्यंत अत्यल्प भूधारक, १ ते २ हेक्टर अल्प भूधारक, आणि त्यापुढे २ ते ४, ४ ते १० व १० हेक्टरांहून अधिक, असे शासकीय वर्गीकरण उपलब्ध आहे. शाळांच्या अभ्यासात जिल्हा परिषद शाळा, खासगी अनुदानित शाळा आणि आश्रमशाळा हे तीन स्तर आपल्याकडे बहुधा लागतातच, कारण तीन ठिकाणी येणारी मुले, निवासाची सोय आणि घरची भाषा यांत मोठा फरक असतो.

प्रत्येक स्तरातून किती घ्यायचे याचे दोन मार्ग आहेत. समजा एका महाविद्यालयात १,२०० विद्यार्थी आहेत: कला शाखेत ६००, विज्ञान शाखेत ३६० आणि वाणिज्य शाखेत २४०. एकूण १२० चा नमुना प्रमाणात वाटला तर ६०, ३६ आणि २४ येतात, आणि सर्वांचे एकत्रित चित्र सरळ मिळते. पण तीन शाखांची तुलना करायची असेल तर वाणिज्यचे २४ अपुरे पडतात. मग प्रत्येकी ४० घ्यावेत. असे समान वाटप केल्यावर संपूर्ण महाविद्यालयाचा आकडा काढताना भार लावायला विसरू नये. समजा एस. टी.ने रोज ये-जा करणारे विद्यार्थी कला शाखेत ४० टक्के, विज्ञान शाखेत २० टक्के आणि वाणिज्य शाखेत ३० टक्के निघाले. तिन्हींची साधी सरासरी ३० टक्के येते, परंतु विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणात भार दिला तर कलाचे २०, विज्ञानचे ६ आणि वाणिज्यचे ६ मिळून ३२ टक्के हे योग्य उत्तर येते. इथे फरक दोन टक्क्यांचा आहे. गट अधिक विषम असले की तो खूप वाढतो.

स्तर जास्त पाडण्याचा उत्साह टाळावा. लिंग, शाखा, वर्ष, जात-प्रवर्ग आणि निवासस्थान या सर्वांचे एकत्र स्तर केले तर प्रत्येक खान्यात दोन-तीन माणसे उरतात आणि एकाबद्दलही काही म्हणता येत नाही.

गुच्छ निवड: मुले किती, यापेक्षा शाळा किती

ज्या पद्धतीचा विद्यार्थी नाव न घेता सर्वाधिक वापर करतात आणि जिच्यात सर्वाधिक चुका होतात, ती ही पद्धत असल्यामुळे इथे थोडे अधिक थांबणे आवश्यक आहे. संपूर्ण तालुक्यातील चौथीच्या मुलांची एकत्र यादी एका विद्यार्थ्याला मिळणे कठीण असते, परंतु शाळांची यादी गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून मिळू शकते. मग आधी शाळा, म्हणजे मुलांचे गुच्छ, निवडायच्या आणि निवडलेल्या शाळांतील हजेरीपटावरून मुले निवडायची, हा मार्ग योग्यच आहे. आपल्या शालेय व्यवस्थेत तालुका, केंद्र आणि शाळा अशी रचना तयार असल्यामुळे तालुक्यातील काही केंद्रे, केंद्रांतील काही शाळा आणि शाळांतील काही मुले अशी टप्प्याटप्प्याची निवडही करता येते, आणि त्यामुळे प्रवास पुष्कळ कमी होतो.

अडचण अशी की एका शाळेतील मुले एकमेकांसारखी असतात. त्यांचे शिक्षक एकच, गाव एकच, घरची भाषा पुष्कळदा एकच. त्यामुळे एका शाळेतील साठावे मूल आपल्याला नवीन फारसे काही सांगत नाही. माझ्या एम. एड.च्या लघुशोधप्रबंधात मी पाच शाळांतून प्रत्येकी ६० विद्यार्थी घेऊन ३०० चा आकडा गाठला होता आणि त्या आकड्याचा मला मोठा आधार वाटत होता. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी शांतपणे एवढेच विचारले की मुले ३०० आहेत, पण शाळा किती आहेत? त्यांच्या प्रश्नाचा पूर्ण अर्थ मला पुढे गणित मांडल्यावर कळला. हे गणित सोपे आहे: प्रत्येक शाळेतील मुलांच्या संख्येतून १ वजा करावा, आलेल्या संख्येला मुलांमधील साम्याच्या गुणांकाने (० म्हणजे साम्य नाही, १ म्हणजे सगळी मुले अगदी सारखी) गुणावे आणि त्यात १ मिळवावा, एकूण संख्येला या उत्तराने भागले की आपला नमुना साध्या यादृच्छिक नमुन्यातील किती मुलांच्या तोलाचा आहे ते समजते. साम्याचा गुणांक ०.२ धरला, तर ५९ गुणिले ०.२ म्हणजे ११.८, त्यात १ मिळवून १२.८; आणि ३०० भागिले १२.८ म्हणजे जेमतेम २३. तीच ३०० मुले ३० शाळांतून प्रत्येकी १० अशी घेतली असती, तर भाजक २.८ आला असता आणि नमुना १०७ मुलांच्या तोलाचा झाला असता. म्हणून शक्य तेव्हा शाळा वाढवाव्यात आणि प्रत्येक शाळेतील मुले कमी करावीत. भेटी वाढतात, मुलांची संख्या मात्र तेवढीच राहते, आणि अभ्यासाची ताकद कित्येक पटींनी वाढते.

दुसरी अडचण शाळांच्या लहानमोठेपणाची आहे. एखाद्या पाड्यावरच्या शाळेचा पट १५ असतो आणि मोठ्या गावातील शाळेचा २५०. दोन्ही शाळांना समान संधी दिली आणि दोन्हींतून १० मुले घेतली, तर लहान शाळेतील मुलाला निवडले जाण्याची संधी कितीतरी जास्त मिळते. यावर उपाय म्हणजे पटाच्या प्रमाणात संधी देऊन शाळा निवडणे. समजा चार शाळांचा पट ४०, १२०, ६० आणि १८० आहे आणि दोन शाळा निवडायच्या आहेत. पटाची एकापुढे एक बेरीज लिहावी: ४०, १६०, २२०, ४००. एकूण ४०० ला २ ने भागून अंतर २०० येते. १ ते २०० यांतून चिठ्ठीने अंक काढावा; तो १३७ निघाला तर तो ४१ ते १६० यांत बसतो म्हणून दुसरी शाळा, आणि त्यात २०० मिळवून आलेला ३३७ हा २२१ ते ४०० यांत बसतो म्हणून चौथी शाळा. त्यानंतर दोन्ही शाळांतून सारखीच, समजा १०, मुले यादृच्छिक पद्धतीने घ्यावीत. असे केल्याने चारही शाळांतील प्रत्येक मुलाची संधी २० पैकी १ अशी समान होते. प्रथम संस्थेच्या पुढाकाराने होणाऱ्या "असर" या सर्वेक्षणात प्रत्येक ग्रामीण जिल्ह्यातून लोकसंख्येच्या प्रमाणात ३० गावे आणि प्रत्येक गावातून २० घरे घेतली जातात, त्यामागे हेच तत्त्व आहे.

घरांचा अभ्यास करताना गावठाण आणि पाडा यांत फरक करावा लागतो. सपाटीवरच्या गावात आळी-आळीने दर पाचवे घर घेत जाणे जमते. सातपुड्यातील वस्ती मात्र टेकड्यांवर विखुरलेली असते. वाटेने चालत दर पाचवे घर घेतले तर रस्त्याजवळची घरेच पदरी पडतात. तिथे गावातील जाणत्या माणसाला सोबत घेऊन आधी सर्व पाड्यांचा कच्चा नकाशा काढावा, प्रत्येक पाड्यातील घरे मोजावीत आणि मगच निवड करावी. पावसाळ्यात काही पाड्यांचा संपर्क कमी होतो, हे वेळापत्रक आखतानाच लक्षात घ्यावे. घर निवडल्यावर घरातील कोणाशी बोलायचे हेही आपणच ठरवायचे असते, नाही तर प्रत्येक घरी ओट्यावर बसलेला पुरुषच उत्तर देतो. ज्याचा वाढदिवस सर्वांत जवळ आला असेल त्याला निवडावे, असा एक उपाय पुस्तकांत दिलेला असतो. परंतु आपल्याकडे जुन्या पिढीतील अनेकांची शाळेतील जन्मतारीख १ जून अशीच लावलेली आहे, त्यामुळे तो इथे लागू पडत नाही. घरातील प्रौढांची नावे चिठ्ठ्यांवर लिहून एक उचलणे, हे सोपेही आहे आणि घरच्या माणसांना पटतेही.

संभाव्यतेवर न आधारलेले नमुने

यादी नसते, वेळ नसतो किंवा प्रश्नच वेगळा असतो, तेव्हा या पद्धती वापराव्या लागतात आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. लग्नातील अहिराणी गीतांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थिनीने गावातील ४०० स्त्रियांतून चिठ्ठ्या काढण्यात अर्थ नाही. ज्या आजीबाईंना गीते मुखोद्गत आहेत आणि ज्यांना लग्नघरी मुद्दाम बोलावले जाते, त्यांच्याकडेच तिने जावे. याला सहेतुक निवड म्हणतात. मात्र त्यात वेगवेगळ्या समाजांतील, वेगवेगळ्या गावांतील स्त्रिया याव्यात अशी काळजी घ्यावी, कोणत्या निकषाने कोणाला घेतले ते लिहावे, आणि नव्या मुलाखतीतून नवे काही मिळेनासे झाले की थांबावे.

ऊसतोड मजूर, बटाईदार किंवा गाव सोडून सुरत-नाशिककडे गेलेले तरुण यांची यादी कुठेच मिळत नाही. अशा वेळी एकाकडून दुसऱ्याचा पत्ता घेत जाणारी साखळी पद्धत उपयोगी पडते. साखळी एकाच मुकादमापासून सुरू केली तर त्याच्याच टोळीतील माणसे मिळत राहतात, म्हणून तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणांहून स्वतंत्र साखळ्या सुरू कराव्यात. कोटा पद्धतीत ठरावीक संख्येने स्त्रिया, पुरुष, तरुण आणि वृद्ध घेतले जातात, पण त्या कोट्याच्या आत माणसे सोयीनेच निवडलेली असतात; ती स्तरित निवडीसारखी दिसते म्हणून तिला स्तरित म्हणू नये. सोयीस्कर नमुना प्रश्नावली पडताळून पाहण्यासाठी उत्तम असतो. मुख्य अभ्यासात तो वापरावा लागलाच तर त्यावरून टक्केवारीचा व्यापक दावा करू नये.

संख्या किती असावी

हा प्रश्न विद्यार्थी सर्वांत आधी विचारतात, पण तो सर्वांत शेवटी यायला हवा. मोठ्या समष्टीतील प्रमाण ९५ टक्के विश्वास पातळीवर आणि ५ टक्क्यांच्या त्रुटीच्या मर्यादेत काढायचे असेल, म्हणजे असे १०० नमुने काढले तर सुमारे ९५ वेळा आपला आकडा खऱ्या आकड्याच्या ५ टक्के इकडेतिकडे यावा असे वाटत असेल, तर सुमारे ३८४ घटक लागतात. समष्टी लहान असेल तर संख्या कमी होते. १,२०० विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयासाठी ती सुमारे २९१ येते. नमुन्याची संख्या काढण्याचे यामाने यांचे सूत्र वापरले तर हिशेब तोंडी करता येतो: १,२०० ला ०.०५ च्या वर्गाने गुणून ३ येतात, त्यात १ मिळवून ४, आणि १,२०० भागिले ४ म्हणजे ३००. साध्या यादृच्छिक नमुन्यात १०० जण घेतले तर त्रुटीची मर्यादा सुमारे १० टक्के असते आणि ४०० घेतले तर सुमारे ५ टक्के. मर्यादा निम्मी करायची तर नमुना चौपट करावा लागतो. विद्यार्थ्याकडे एक सत्र आणि एसटीचा पास एवढेच साधन असते, तेव्हा १०० जणांचा नीट निवडलेला नमुना घेऊन १० टक्क्यांची मर्यादा स्पष्ट लिहिणे हा पूर्णपणे सन्मान्य मार्ग आहे. ही सर्व सूत्रे साध्या यादृच्छिक निवडीसाठी आहेत. व्हॉट्सॲप गटावर पाठवलेल्या गूगल फॉर्मला ३८४ उत्तरे आली, म्हणून ती लागू होत नाहीत.

नुसत्या मोठ्या संख्येने नमुना भरवशाचा होत नाही, याचे सर्वांत मोठे उदाहरण १९३६ मधील अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचे आहे. "लिटररी डायजेस्ट" या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या, २० लाखांहून अधिक परत आल्या आणि लँडन जिंकतील असे भाकीत झाले. प्रत्यक्षात रूझवेल्ट प्रचंड बहुमताने निवडून आले. नावे दूरध्वनी आणि मोटारगाड्यांच्या याद्यांतून घेतली होती, आणि उत्तर पाठवणारे व न पाठवणारे यांचा कलही वेगळा होता. फॉर्म पाठवून थांबणाऱ्या प्रत्येकाने ही दोन कारणे आपल्या अभ्यासाला लावून पाहावीत: गटात कोण नाही, आणि गटात असून कोणी उत्तर दिले नाही. त्यापेक्षा ८० नावे यादीतून यादृच्छिक पद्धतीने काढावीत, प्रत्येकाला तीनदा गाठण्याचा प्रयत्न करावा आणि ८० पैकी किती जणांनी उत्तर दिले ते लिहावे.

उपक्रमाचे मूल्यमापन करताना

उपचारात्मक वर्ग, वाचन उपक्रम किंवा एखादी नवी अध्यापन पद्धती यांचा परिणाम तपासताना नमुन्याची एक वेगळी फसगत होते. पूर्वचाचणीत सर्वांत कमी गुण मिळालेली २० मुले निवडली, त्यांना महिनाभर शिकवले आणि उत्तरचाचणीत गुण वाढले, तर ती सगळी वाढ उपक्रमामुळे झाली असे म्हणता येत नाही. पहिल्या चाचणीच्या दिवशी आजारी असलेली किंवा प्रश्न न कळलेली मुलेही त्या वीसांत असतात, आणि ती काही न करताही दुसऱ्या वेळी थोडी वर येतात. म्हणून मागे पडलेली ४० मुले घ्यावीत, चिठ्ठ्यांनी त्यांचे २०-२० चे दोन गट करावेत, एका गटाला आधी आणि दुसऱ्याला अभ्यास संपल्यावर तोच वर्ग द्यावा, आणि दोन्ही गटांच्या वाढीची तुलना करावी. एकाही मुलाला वंचित ठेवावे लागत नाही, आणि तुलना न्याय्य होते. अल्पवयीन मुलांसाठी पालकांची संमती, शाळेसाठी मुख्याध्यापकांची परवानगी आणि आश्रमशाळेसाठी आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाचे पत्र आधीच घ्यावे. ही पत्रे यायला वेळ लागतो आणि ती न आल्याने ऐन वेळी शाळा बदलली, की निवडीची सगळी मेहनत वाया जाते.

अहवालात काय लिहावे

नमुन्याच्या प्रकरणात पद्धतींच्या व्याख्या उतरवून पाने भरण्यापेक्षा, वाचणाऱ्याला तीच निवड पुन्हा करता येईल इतका तपशील द्यावा: समष्टी कोणती, यादी कोठून आणि कोणत्या तारखेची, निवड कोणत्या टप्प्यांनी झाली, किती जण निवडले, किती मिळाले, उरलेले का मिळाले नाहीत. नमुना म्हणून एक परिच्छेद देतो. त्यातील आकडे काल्पनिक आहेत.

"या अभ्यासाची समष्टी म्हणजे तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांत जुलै महिन्यात इयत्ता चौथीच्या पटावर असलेले सर्व विद्यार्थी. शाळांची यादी गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून घेतली. त्यातून पटाच्या प्रमाणात संधी देऊन १५ शाळा निवडल्या आणि प्रत्येक शाळेच्या हजेरीपटावरून चिठ्ठ्यांनी ८ विद्यार्थी, असे एकूण १२० विद्यार्थी निवडले. त्यांपैकी १०९ विद्यार्थ्यांची चाचणी घेता आली. उरलेल्या ११ पैकी ७ विद्यार्थी तीन भेटींत गैरहजर होते आणि ४ विद्यार्थी कुटुंबासह स्थलांतरित झाले होते. त्यांच्या जागी दुसरे विद्यार्थी घेतलेले नाहीत. खासगी शाळा व आश्रमशाळा यांचा समावेश नसल्यामुळे हे निष्कर्ष त्या शाळांतील विद्यार्थ्यांना लागू नाहीत. निवडीची मूळ यादी आणि चिठ्ठ्यांचे क्रमांक परिशिष्टात दिले आहेत."